जर्मन स्टुडिओ पॉटरी जमवायची तर: हात कुठे शिकला, तिथून सुरुवात करा

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना तिथल्या फ्लोमार्क्टची, म्हणजे जुन्या बाजाराची, ओढ लवकर लागते. एखाद्या टेबलावर दोन फुलदाण्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक भडक केशरी, अंगावर फेसाळ काळा थर असलेली. दुसरी बुटकी, राखाडी-हिरवट, कुठलाही दिखावा नसलेली. पहिली लांबूनच डोळ्यांत भरते. दुसरी उचलून उलटी केली, तर बुडाशी मातीत दाबलेला नखाएवढा ठसा दिसतो. हा लेख त्या दुसऱ्या फुलदाणीबद्दल आहे. साधारण 1945 ते 1975 या काळात जर्मनीतल्या छोट्या कार्यशाळांमध्ये चाकावर घडलेली भांडी, म्हणजेच स्टुडिओ पॉटरी, ओळखायची कशी, घ्यायची कशी आणि सांभाळायची कशी, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

बहुतेक नवे संग्राहक कलाकारांच्या नावांची यादी पाठ करायला घेतात. माझा सल्ला वेगळा आहे: नावांच्या आधी शाळा आणि गावं शिका. जर्मन कुंभार शिकतो तो एखाद्या मातीच्या गावात, एखाद्या व्यवसाय शाळेत आणि एखाद्या मायस्टरच्या, म्हणजे परीक्षा दिलेल्या उस्ताद कुंभाराच्या, हाताखाली. त्याच्या भांड्याची कड, बूड, कान, ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा लेप) या सगळ्यांत ते शिक्षण उतरतं. गुरुपरंपरा कळली की बिननावाचं भांडंही बरंच काही सांगू लागतं.

पहिली पायरी: कारखाना की कार्यशाळा?

आधी ही विभागणी पक्की करा. बाजारात ‘वेस्ट जर्मन पॉटरी’ किंवा ‘फॅट लाव्हा’ (लाव्ह्यासारख्या जाड, फेसाळ ग्लेझवरून) या नावाने जे विकलं जातं, ते जवळपास सगळं कारखान्यातलं असतं. शॉइरिश, रूशा, कार्स्टेन्स, बाय, यास्बा या त्यातल्या मोठ्या कंपन्या. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून हा माल तयार होई. बुडाशी ‘डब्ल्यू. जर्मनी’ आणि एक आकडा असतो. शॉइरिशच्या तळाशी 517-30 असं लिहिलं असेल, तर 517 हा आकाराचा क्रमांक आणि 30 ही सेंटिमीटरमधली उंची. या मालाला कमी लेखायचं कारण नाही. रूशासाठी ओटो गेरहार्त्स यांनी 1959 साली काढलेलं ‘वुल्कानो’ ग्लेझ आजही हातात घेतल्यावर थक्क करतं. पण साचा एकच आणि नग हजारो, हे लक्षात ठेवून किंमत द्यायची.

कार्यशाळेतलं भांडं ओळखायला आत बोट घाला. चाकावर घडवताना कुंभाराची बोटं खालून वर सरकतात आणि आतल्या भिंतीवर गोल फिरत जाणाऱ्या सरी उमटतात. साच्यातल्या फुलदाणीत आतली भिंत गुळगुळीत असते, बाहेर खोलगट नक्षी असेल तर आत तिचाच उंचवटा लागतो आणि बाहेर अनेकदा साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची पुसट रेघ सापडते. मग बूड पाहा. चाकावरून तारेने कापून काढलेल्या भांड्याच्या तळाला शिंपल्यासारख्या वक्र रेघा असतात, किंवा सुकल्यावर पुन्हा चाकावर उलटं लावून नीट कोरलेलं कडं असतं.

एक फसवी गोष्ट आधीच सांगतो. काही कारखाने बाहेरच्या बाजूला मुद्दाम सरी उठवलेले साचे वापरत. म्हणून बाहेरच्या सरींवर विश्वास ठेवू नका, आतल्या पाहा.

या दोन टोकांच्या मध्येही बराच माल आहे. मारविट्झमधली हेडविग बोलहागेन यांची एचबी कार्यशाळा किंवा कार्ल्सरूअची माजोलिका या ठिकाणी एकच आकार पुन्हा पुन्हा होई, पण हाताने रंगवला जाई. अशा भांड्यांना एकमेव नग म्हणून मोजायचं नाही आणि कारखान्याच्या रांगेतही बसवायचं नाही. नवख्यासाठी ही फार चांगली जागा आहे.

दुसरी पायरी: माती ओळखा

इथे फार वेळ घालवायचा नाही, तीनच प्रकार पुरेत. कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र, बहुधा तांबूस माती म्हणजे इर्डेनवेअर. त्यावर पांढरं अपारदर्शक कथिलाचं ग्लेझ चढवून रंगवलं की झालं फायान्स. आणि 1200 अंशांच्या वर भाजलेली, घट्ट, पाणी न झिरपणारी माती म्हणजे श्टाइनत्सॉइग, आपल्या भाषेत स्टोनवेअर. आपल्याकडची लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी स्टोनवेअरचीच, तेव्हा तिचं वजन आणि थंडगार स्पर्श तुमच्या हाताला आधीच माहीत आहे.

ओळखायला बुडाचा ग्लेझ नसलेला भाग शोधा. तिथे ओलं बोट टेकवा. पाणी लगेच शोषलं गेलं तर इर्डेनवेअर किंवा फायान्स, थेंब तसाच राहिला तर स्टोनवेअर. युद्धानंतरच्या जर्मन स्टुडिओ पॉटरीची मुख्य कहाणी स्टोनवेअरची आहे. चीनमधल्या सोंग काळातली आणि जपानमधली भांडी पाहून इथल्या कुंभारांनी राखेची, फेल्डस्पार या खनिजाची, तांब्याच्या लाल रंगाची आणि लोहाच्या काळ्या-तपकिरी रंगाची ग्लेझं स्वतःच्या भट्टीत पुन्हा शोधून काढली. त्या राखाडी-हिरवट बुटक्या फुलदाणीचं मूळ तिथे आहे.

तिसरी पायरी: शिक्षणाचा नकाशा डोक्यात बसवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे रेंगाळू या.

जर्मनीत कुंभार होण्याचा रस्ता आखलेला असे. आधी लेअरलिंग, म्हणजे शिकाऊ, साधारण 3 वर्षं. माती मळायची, भट्टी भरायची, एकच मग शेकडो वेळा घडवायचा. मग परीक्षा देऊन गेझेले, म्हणजे तयार कारागीर. गेझेले अनेकदा गावोगावच्या कार्यशाळांमध्ये काम करत फिरत, त्यामुळे एका भागातली युक्ती दुसऱ्या भागात पोचे. शेवटी हस्तव्यवसाय मंडळासमोर मायस्टरची परीक्षा. 1953 च्या हस्तव्यवसाय कायद्यानुसार स्वतःची कार्यशाळा चालवायला आणि शिकाऊ ठेवायला मायस्टरची पात्रता लागे. कुंभारकामासाठी ही अट 2004 साली उठली. म्हणजे 1945 ते 1975 मधल्या कार्यशाळेच्या ठशामागे बहुतेक वेळा परीक्षा दिलेला मायस्टर उभा आहे. मात्र ठसा कार्यशाळेचा असतो. भांडं मायस्टरने स्वतः घडवलं की त्याच्या गेझेलेने, हे ठशावरून कळत नाही. विक्रेता मोठं नाव घेऊन मोठी किंमत सांगतो, तेव्हा हाच प्रश्न आधी विचारायचा.

व्यवसाय शाळांपैकी तीन नावं लक्षात ठेवा: बव्हेरियातलं लांडशूट (1873), वेस्टरवाल्डमधलं होअर, म्हणजे आजचं होअर-ग्रेन्झहाउझेन (1879) आणि सायलेशियातलं बुन्त्सलाउ (1897). लांडशूटची शाळा क्र्योनिंग भागातल्या परंपरागत कुंभारांच्या मुलांना नवं तंत्र मिळावं म्हणून निघाली. बुन्त्सलाउ आज पोलंडमध्ये आहे, नाव बोलेस्वाविएत्स. 1945 नंतर तिथले जर्मन कुंभार विस्थापित होऊन पश्चिमेकडे आले आणि जिथे जागा मिळाली तिथे चाक मांडलं. म्हणून तपकिरी ग्लेझची, किंवा स्पंजाने उमटवलेल्या निळ्या ठिपक्यांची सायलेशियन वळणाची भांडी पश्चिम जर्मनीतल्या भलत्याच गावांच्या ठशासह सापडतात. ती स्वस्त मिळतात, कारण फार थोडे लोक ती शोधतात. मला हा सगळा प्रकार संग्राहकांनी अन्यायाने दुर्लक्षित ठेवलेला वाटतो.

आता वेस्टरवाल्ड. कोब्लेन्त्सजवळच्या या डोंगराळ भागाला ‘कानेनबेकरलांड’ म्हणतात, म्हणजे सुरया भाजणाऱ्यांचा मुलूख. उत्तम प्रतीची माती आणि भट्टीला भरपूर लाकूड. 16व्या शतकाच्या उत्तरार्धात झीगबुर्ग आणि रेरेन इथले कुंभार इथे येऊन वसले आणि राखाडी अंगावर निळी नक्षी असलेली, मिठाच्या ग्लेझची भांडी इथली ओळख बनली. फ्रँकफुर्टला राहणाऱ्यांनी ती पाहिलेली असतात: सफरचंदाच्या वाइनचा तो गोलमटोल ‘बेम्बेल’ याच वळणाचा.

मिठाचं ग्लेझ कसं होतं ते कळलं की ओळखायला सोपं जातं. भट्टी 1200 अंशांच्या वर तापली की वरच्या भोकांतून साधं मीठ आत टाकतात. उष्णतेने मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळून भांड्याच्या अंगावरच काच तयार होते. त्यामुळे पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. इतक्या तापात टिकणारे रंग थोडे, मुख्यतः कोबाल्टचा निळा आणि मँगनीजचा जांभळा. हात लावल्यावर तो खडबडीतपणा लागला नाही आणि निळा रंग वरून रंगवल्यासारखा सपाट दिसला, तर बहुधा पर्यटकांसाठीचा नंतरचा माल आहे.

20व्या शतकात ही परंपरा साचेबंद मालात बुडायला आली होती. विम म्युलेनडुक (1905–1986) आणि एल्फ्रीडे बाल्त्सार-कॉप (1904–1983) यांनी होअर-ग्रेन्झहाउझेनमध्ये हाताने घडवून, ओल्या मातीत कोरून, मिठाने भाजून तिला पुन्हा उभं केलं. दोघांची भांडी आजही आवाक्यात मिळतात. सुरुवातीच्या खरेदीसाठी मी हीच दिशा सुचवेन: ठसा स्पष्ट, तंत्र ओळखता येणारं, भांडं दणकट.

पूर्वेकडे थ्युरिंगियात वळू. बाउहाउस ही कलाशाळा वायमारमध्ये होती, पण तिची कुंभारशाळा 1920 पासून डॉर्नबुर्गमध्ये, राजवाड्याच्या जुन्या तबेल्यात भरली. कलेची बाजू शिल्पकार गेरहार्ड मार्क्स पाहत. चाक शिकवायला माक्स क्रेहान होते, तिथल्याच पिढीजात कुंभार घराण्यातले. विद्यार्थ्यांना आधी क्रेहानच्या भट्टीसाठी लाकूड फोडावं लागे, माती तयार करावी लागे, रोजच्या वापराची भांडी घडवावी लागत. 1925 साली बाउहाउस देसाउला गेलं, कुंभारशाळा मात्र सोबत गेली नाही. क्रेहान त्याच वर्षी वारले. पण तिथे शिकलेले हात सगळीकडे पसरले.

ओटो लिंडिग (1895–1966) डॉर्नबुर्गमध्येच थांबले, 1947 पर्यंत तिथली कार्यशाळा चालवली आणि मग 1960 पर्यंत हॅम्बुर्गच्या कलाशाळेत शिकवलं. त्यांच्या सुरईचा उतार, कडेची जाडी, कान जिथे अंगाला चिकटतो ती जागा, यांत कुठेही जास्तीची रेघ नाही. मार्गेरिटे फ्रीडलेंडर यांनी 1925 पासून हाले शहरातल्या बुर्ग गीबिखेनश्टाइन या शाळेचा कुंभारविभाग सांभाळला आणि बर्लिनच्या राजेशाही चिनीमाती कारखान्यासाठी संचही आखले. ज्यू असल्यामुळे 1933 साली त्यांना पद गमवावं लागलं. त्या प्रथम नेदरलँड्सला आणि मग 1940 साली अमेरिकेत गेल्या. कॅलिफोर्नियातल्या पाँड फार्ममध्ये त्यांनी पुढची अनेक वर्षं अमेरिकन मुलांना डॉर्नबुर्गच्याच शिस्तीत चाक शिकवलं.

जवळच ब्युर्गेल हे कुंभारांचं गाव आहे. गडद निळ्यावर पांढरे ठिपके असलेली तिथली भांडी पूर्व जर्मनीच्या काळातही घराघरांत होती. त्याच गावात वाल्टर गेबाउअर (1907–1989) यांची कार्यशाळा होती. ठिपक्यांची भांडी पाहून ब्युर्गेल संपलं असं समजू नका, गेबाउअर यांचं स्टोनवेअर मुद्दाम शोधा.

दक्षिणेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, कांडर्न. तिथे रिशार्ड बाम्पी (1896–1965) यांनी 1950 च्या दशकात राखेची ग्लेझं आणि मुद्दाम तोल ढळवलेले, असमान आकार केले. चाकावरचं भांडं गोलच असलं पाहिजे ही सवय त्यांनी मोडली. होर्स्ट केर्स्टान (1941–2005) त्यांच्याकडे शिकले, गुरू गेल्यावर कांडर्नमध्येच राहिले आणि पुढे जपानी पद्धतीची लाकडाची भट्टी बांधली. या दोघांची भांडी शेजारी ठेवून पाहायला मिळाली तर सोडू नका. शिष्य कुठे गुरूच्या मागे चालला आणि कुठे वेगळा वळला, हे त्यात दिसतं.

यान बोंत्येस फान बेक (1899–1969) यांच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहायलाच हव्यात. डेन्मार्कमध्ये जन्म, घराणं डच, काम जर्मनीत. त्यांची मुलगी काटो हिला नाझी राजवटीने विरोधी गटात काम केल्याबद्दल 1943 साली बर्लिनमध्ये ठार केलं. युद्धानंतर त्यांनी बर्लिनमध्ये कलाशाळा उभारण्याचं काम केलं आणि 1960 मध्ये लिंडिग यांच्यानंतर हॅम्बुर्गला शिकवायला गेले. त्यांच्या फुलदाण्यांचा आकार अगदी शांत असतो आणि ग्लेझला अनेक थरांची खोली असते. त्यांचे काही आकार कारखान्यातून मालिकेनेही निघाले. नाव तेच असलं तरी दोन्हींच्या किमतीत मोठं अंतर आहे, ते विसरू नका.

आणि कासेल. चित्रकला करणारे वाल्टर पॉप (1913–1977) 1950 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे शिकवत. चाकावर घडवलेले तुकडे कापायचे, पुन्हा जोडायचे, त्यावर ग्लेझ ब्रशने रंगासारखं फेकायचं, हे त्यांचं काम. उपयोगाच्या भांड्यापासून स्वतंत्र कलावस्तूकडे जर्मन कुंभारकाम वळलं, त्या वळणावर पॉप आणि त्यांचे विद्यार्थी उभे आहेत. हेसेन राज्यातल्या ड्युडेल्सहाइममध्ये बेआटे कून (1927–2015) आणि कार्ल व उर्सुला शाइड हे दाम्पत्य शेजारी राहून काम करत. कून चाकावर छोटे छोटे भाग घडवून त्यांची शिल्पं जुळवत. शाइड यांची भांडी नेमकी, पातळ आणि नक्षीत मोजूनमापून केलेली. शेजारी असूनही तिघांची भाषा वेगळी राहिली.

आता मारविट्झकडे परत, कारण इथे संग्राहकाला थोडा इतिहास माहीत हवाच. बर्लिनजवळच्या या गावात मार्गारेटे हायमान-ल्योबेनश्टाइन या बाउहाउसमध्ये शिकलेल्या ज्यू कलावतीने 1923 साली पती आणि दिराबरोबर हेल कार्यशाळा काढली. 1928 मध्ये ते दोघेही मोटार अपघातात गेले. त्यांनी एकटीने काम चालू ठेवलं. नाझी सत्तेवर आल्यावर कार्यशाळा बंद पडली आणि 1934 साली ती कमी किमतीत विकावी लागली. तिथेच हेडविग बोलहागेन (1907–2001) यांच्या कलानिर्देशनाखाली एचबी कार्यशाळा सुरू झाली. हायमान-ल्योबेनश्टाइन इंग्लंडला गेल्या. बोलहागेन यांनी होअरच्या शाळेत शिक्षण घेतलं होतं, 1972 मध्ये पूर्व जर्मनीने कार्यशाळा सरकारी केली तरी त्या तिथेच राहिल्या आणि निळ्या-पांढऱ्या रेघांची त्यांची भांडी खरोखर सुंदर आहेत. मी ती आवडीने वापरतो. पण विकत घेताना आणि इतरांना दाखवताना मारविट्झची गोष्ट 1934 पासून सुरू करू नये, 1923 पासून करावी. आधीच्या मालकिणीचं नाव न घेणं म्हणजे तिच्यावरच्या अन्यायात आपलीही भर.

चौथी पायरी: विकत घेण्याआधी पाहा, आणि हात लावा

पहिले काही महिने पाकीट घरी ठेवून फिरलात तर उत्तम. होअर-ग्रेन्झहाउझेनचं वेस्टरवाल्ड केरामिक संग्रहालय, ब्युर्गेलचं संग्रहालय, डॉर्नबुर्गच्या तबेल्यातलं बाउहाउस कार्यशाळा संग्रहालय, ड्युसेलडॉर्फचं हेत्येन्स, लाइपत्सिगचं ग्रासी आणि फ्रायबुर्गजवळच्या श्टाउफेनचं केरामिक संग्रहालय, यांतलं जे जवळ असेल ते आधी. कपाटात मान वाकवून बुडाचं कडं दिसतं का पाहा. ग्लेझ खाली कुठे थांबलं आहे, किती जाड ओघळ आहे, हे लिहून ठेवा.

संग्रहालयात हात लावता येत नाही, म्हणून त्याला जोड हवी कुंभारांच्या बाजाराची. उन्हाळ्यात अनेक गावांत असे बाजार भरतात. तिथे आजच्या कुंभारांशी बोला. तुम्ही कुठे शिकलात, हा प्रश्न त्यांना आवडतो आणि उत्तरात अनेकदा वर आलेल्या नावांपैकी एखादं निघतं. शिवाय जिवंत कुंभाराकडून एखादा कप घेणं, ही त्या परंपरेला थेट मदत आहे.

पाचवी पायरी: भांडं तपासायची पद्धत

आपल्याकडे माठ घेताना जसा वाजवून घेतात, तसंच करा. भांडं तळहातावर मोकळं धरा, बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. स्टोनवेअर ठणठणीत असेल तर लांब, स्वच्छ नाद देतं. नाद बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. इर्डेनवेअरचा नाद मुळातच बसका असतो, त्यामुळे ही परीक्षा त्याला लावू नका.

मग कडेवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेली कपची बोटाला लागते. चोच, कान आणि गळा या तीन जागा सर्वांत आधी मोडतात, तिथे जास्त वेळ द्या. जुनी दुरुस्ती पकडायला खिशात छोटा अतिनील दिवा ठेवा. रंगवलेली आणि डिंकाने जोडलेली जागा त्या प्रकाशात बहुधा वेगळी चमकते. तो नसेल तर ओठ किंवा गाल टेकवा: ग्लेझ थंड लागतं, भरलेला प्लास्टिकसारखा मसाला तितका थंड लागत नाही.

ग्लेझमधल्या जाळीदार बारीक रेघा म्हणजे तडा नव्हे. माती आणि ग्लेझ वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्याने त्या पडतात आणि अनेक कुंभार त्या मुद्दाम आणत. भट्टीत पडलेला डाग, बुडाला चिकटलेली वाळू, यांनाही दोष म्हणू नका. पण कडेपासून सुरू होऊन आत-बाहेर दोन्हीकडे दिसणारी रेघ म्हणजे खरा तडा.

ठशाबद्दल थोडक्यात: दाबलेला, कोरलेला आणि रंगवलेला असे तीन प्रकार. बूड सरळ वरून आणि तिरप्या उजेडात, असे दोन फोटो काढा. तिरप्या उजेडात पुसट ठसा उठून दिसतो. दोन अक्षरांच्या ठशावरून लगेच मोठं नाव जोडू नका, एकाच आद्याक्षरांचे बरेच कुंभार होऊन गेले. आधी माती, आकार आणि ग्लेझ त्या शाळेशी जुळतं का पाहा, ठसा शेवटी.

क्लोटेन गावातले कुंभार वेंडेलिन श्टाल यांच्यासारखी स्फटिक ग्लेझची भांडी भेटली तर एक गंमत पाहण्यासारखी असते. ग्लेझमधलं जस्त आणि सिलिका भट्टी हळूहळू निवताना एकत्र येऊन फुलांसारखे स्फटिक वाढवतात. खरे स्फटिक ग्लेझच्या आत खोलवर असतात आणि भांडं फिरवलं की प्रकाशाबरोबर बदलतात. छापील नक्षीत तसं होत नाही.

सहावी पायरी: कुठे आणि कितीला घ्यावं

फ्लोमार्क्टला लवकर पोचा. घर रिकामं करताना सामान विकतात त्या ठिकाणी, म्हणजे ‘हाउसहाल्ट्सआउफल्योझुंग’ला, जास्त चांगल्या गोष्टी निघतात, कारण तिथे घरातली माणसंच असतात आणि भांडं कुठून आलं ते सांगू शकतात. भाव करायला हरकत नाही, पण शांतपणे. ‘शेवटचा भाव काय?’ असं नम्रपणे विचारलं की बहुतेक वेळा थोडं कमी होतं. भांड्याची निंदा करून भाव पाडायची पद्धत इथे चालत नाही आणि ते योग्यही नाही.

ऑनलाइन घेताना आतल्या भिंतीचा, बुडाचा आणि कडेचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. लिलावात हातोडीच्या भावावर लिलावगृहाचं शुल्क चढतं, अनेकदा 20 ते 30 टक्के, आणि पाठवणीचा खर्च वेगळा. म्हणून मनातला आकडा ठरवताना हे धरूनच ठरवा.

किमतीचा ढोबळ अंदाज असा: कारखान्यातली साधी फुलदाणी आणि अनोळखी कार्यशाळेतला चांगला मग, दोन्ही काही दहा युरोंत मिळू शकतात. म्हणजे त्याच पैशात साच्यातलं किंवा चाकावरचं, हे ठरवणं तुमच्या डोळ्यावर आहे. लिंडिग, बाम्पी, बोंत्येस फान बेक, कून यांच्या महत्त्वाच्या कामांचे भाव शेकडो आणि हजारो युरोंत जातात. तिथे पहिल्या वर्षी जाऊच नका.

सातवी पायरी: वापर, निगा, भारतात नेणं

जुन्या इर्डेनवेअरच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, काही भडक लाल-केशरी ग्लेझमध्ये कॅडमियम किंवा युरेनियमही. अशा भांड्यांत चिंचेचं सार, लोणचं, लिंबाचं सरबत, दही ठेवू नका. आंबटाने शिसं सुटतं. त्यांना कपाटात ठेवा. मिठाच्या ग्लेझचं धड स्टोनवेअर मात्र निर्धास्त वापरा, ते वापरासाठीच घडलं आहे. डिशवॉशर टाळा, कोमट पाणी आणि मऊ स्पंज पुरे. फुलदाणीच्या आत चुन्याचा पांढरा थर बसला असेल तर स्टोनवेअरमध्ये पातळ व्हिनेगर थोडा वेळ ठेवून धुवा. इर्डेनवेअरमध्ये फुलं ठेवायची तर आत काचेचा ग्लास ठेवा, नाहीतर पाणी झिरपून लाकडी टेबलावर डाग पडतो.

पुण्या-मुंबईला नेताना छोटं भांडं हातातल्या बॅगेतच न्या. आत कपडे घट्ट भरा, कान आणि चोच वेगळ्या गुंडाळा आणि बाहेरून दोन थर. पार्सलने पाठवायचं तर खोक्यात खोकं, आणि भांड्याभोवती चारी बाजूंनी निदान चार बोटं भरण. ही भांडी शंभर वर्षांपेक्षा कमी वयाची आहेत, त्यामुळे सीमाशुल्कात पुरातन वस्तू म्हणून धरली जात नाहीत. पावती सोबत ठेवा आणि खरी किंमत लिहा.

घरी आल्यावर प्रत्येक भांड्याची एक नोंद करा: कधी, कुठे, कोणाकडून, कितीला घेतलं, उंची, ठशाचा फोटो, माती, ग्लेझ आणि तुमच्या मते कोणत्या शाळेचं वळण. तिथे अंदाज असेल तर ‘अंदाज’ असंच लिहा. विक्रेत्याने सांगितलेली घरची हकिकत त्याच दिवशी टिपून ठेवा, कारण ती दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसते. ठशावर कागदी पट्टी चिकटवू नका, नोंदीचा क्रमांक छोट्या दोरीच्या चिठ्ठीवर लिहून गळ्यात अडकवा. पुढे कधी भांडं तुमच्या हातून दुसऱ्याकडे गेलं, तर ही नोंद त्याच्यासोबत द्या.